नकाशा उघडला म्हणजे काम झाले असे नाही

ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट संपला की तिच्यावरचे नकाशांचे सॉफ्टवेअर बंद पडते, असे पुष्कळांना वाटते. तसे काही होत नाही. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 रोजी थांबला, पण त्यावर आधीपासून असलेले क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशीही तसेच उघडत होते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची पाळी आली, तेव्हाही वेगळे घडले नाही. थांबतात त्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या. शिवाय सपोर्ट नसण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एकात सिस्टिम बनवणारी कंपनीच हात काढून घेते. दुसऱ्यात सिस्टिम ठणठणीत असते, पण नकाशाचे सॉफ्टवेअर तिच्यासाठी लिहिलेलेच नसते. मॅकओएस कितीही ताजी असली तरी एस्री कंपनीचे आर्कजीआयएस प्रो तिच्यावर थेट बसत नाही, कारण ते फक्त विंडोजसाठी आहे.

याच्या उलटा गैरसमज जास्त घातक आहे: सॉफ्टवेअर उघडले, म्हणजे सगळे ठीक आहे. क्यूजीआयएसच्या पोटात क्यूटी, पायथॉन, जीडॅल, प्रोज असे स्वतंत्र घटक असतात आणि प्रत्येकाचे वय वेगळे. पायथॉनने 3.9 या आवृत्तीपासून विंडोज 7 सोडले. त्यामुळे ती सिस्टिम वापरणारा क्यूजीआयएसच्याही जुन्या आवृत्तीवर अडकतो. ‘मला जुनी पुरते’ हे म्हणणे रंग भरून छापायच्या नकाशापुरते खरे आहे. मोजमापाच्या कामात मात्र ते लंगडे पडते. निर्देशांकांचे रूपांतर करणारी प्रोज 2019 मध्ये सहाव्या आवृत्तीत मुळापासून बदलली. आधी एका डेटममधून, म्हणजे निर्देशांकांच्या आधारचौकटीतून, दुसऱ्यात जाताना वाट बहुधा डब्ल्यूजीएस 84 मधूनच काढली जाई. आता उपलब्ध मार्गांची अचूकता पाहून निवड होते. म्हणजे तीच फाइल दोन यंत्रांवर, दोन आवृत्त्यांत, किंचित वेगळ्या जागी पडू शकते, आणि चूक झाल्याचा संदेश कुठेच येत नाही. आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेल्या, तर मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस 84 मध्ये बोलतो. रूपांतर राहूनच गेले, तर महाराष्ट्रातली विहीर शंभर मीटरहून अधिक सरकते, म्हणजे सरळ शेजाऱ्याच्या शेतात.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, यंत्र इंटरनेटपासून तोडले की झाले. धोका त्याने कमी होतो, हे मान्य. पण सर्वेक्षणाच्या फाइली पेनड्राइव्हनेच येतात ना? आणि कार्यालयातले अंतर्गत नेटवर्क तोडलेले नसते. मे 2017 मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस यंत्रातून यंत्रात असाच पसरला. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण ती न बसवलेली यंत्रे बळी पडली. सपोर्ट संपलेल्या सिस्टिमला अशी दुरुस्ती वेळेवर मिळेल याची कुणीच हमी देत नाही. मॅकवाल्यांना सुचवला जाणारा, आत विंडोज चालवण्याचा उपायही सरसकट लागू नाही. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज घालता येई. 2020 पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर ती सोयच नाही. तिथे आभासी यंत्रात एआरएमचे विंडोज चालवून त्यात इंटेल पद्धतीचे सॉफ्टवेअर अनुवादित करत न्यावे लागते. शिकण्यापुरते ठीक, पण निविदेचे काम त्यावर उभे करू नये.

उरतो पैशाचा मुद्दा, आणि तो खरोखर वजनदार आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते, एरवी धडधाकट असलेले यंत्र केवळ तेवढ्यासाठी बाद होते. पण नवे विंडोज हा एकच मार्ग नाही. चालू सपोर्ट असलेले लिनक्स त्याच यंत्रावर बसते आणि क्यूजीआयएस तिथे मोफत चालते. शेपफाइल, जिओटिफ, जिओपॅकेज ही तिन्ही रूपे दोन्हीकडे उघडतात. खरी अडचण आर्कमॅप हे एस्रीचे जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची आहे. त्यांच्या नकाशांच्या एमएक्सडी फाइली क्यूजीआयएस थेट वाचत नाही, आणि पायथॉन 2.7 मध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टना नव्याने हात लावावा लागतो. आर्कमॅपचा सपोर्ट संपण्याची तारीख एस्रीने 1 मार्च 2026 अशी जाहीर केली होती. तेव्हा जुने यंत्र चालू आहे तोवरच डेटा जिओपॅकेजमध्ये काढून घ्या, आणि निर्देशांक पक्के माहीत असलेले दोन-तीन बिंदू जुन्या व नव्या दोन्ही ठिकाणी उघडून ताडून पाहा.