जीटीए ६ येतोय, पण ‘व्हाइस सिटी’वाल्या पोरांपर्यंत कधी पोचणार?

तालुक्याच्या गावातलं जुनं नेट कॅफे आठवा. जाफराबाद घ्या, भोकरदन घ्या नाहीतर चिखली. निकालाची प्रिंट काढायला गेलेलं पोरगं दोन तासांनी बाहेर यायचं. आत काय चालायचं? व्हाइस सिटी. मिशन पूर्ण करायच्या भानगडीत फार कुणी पडायचं नाही. की-बोर्डवर ‘पँझर’ टाइप केलं की रणगाडा हजर, ‘लीव्ह मी अलोन’ टाइप केलं की पोलीस गायब.

हीच पोरं आता तिशीत आहेत आणि जीटीए ६ ची वाट बघतायत. कारण नव्या गेममध्ये कथा पुन्हा व्हाइस सिटीत जाणार आहे. अमेरिकेतल्या मायामीवर बेतलेलं हे शहर आता लिओनायडा नावाच्या काल्पनिक राज्यात दाखवलंय आणि लुसिया व जेसन ही जोडी मुख्य भूमिकेत आहे.

इतकी वर्षं का लागली?

व्हाइस सिटी आला २००२ मध्ये, सॅन अँड्रियास २००४ मध्ये, जीटीए ४ २००८ मध्ये आणि जीटीए ५ १७ सप्टेंबर २०१३ ला. त्यानंतर नवा भाग आलाच नाही.

पहिलं कारण पैसा. जीटीए ५ च्या २० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. वर जीटीए ऑनलाइनमध्ये लोक आजही खरे पैसे देऊन खोटे डॉलर विकत घेतात. जुनं दुकान जोरात चालू असताना नव्याची घाई कोण करेल?

दुसरं कारण म्हणजे रॉकस्टार ही कंपनी २०१८ पर्यंत ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये गुंतली होती. त्यात सप्टेंबर २०२२ मध्ये हॅकिंग झालं आणि अर्धवट गेमचे सुमारे ९० व्हिडिओ इंटरनेटवर फुटले.

डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला, तेव्हा साल सांगितलं होतं २०२५. मग तारीख गेली २६ मे २०२६ वर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केली.

आपल्याला खेळता येईल का?

खरी अडचण इथं आहे. जाहीर झाल्याप्रमाणे गेम फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स/एस वर येतोय. प्लेस्टेशन ५ घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आसपास खर्च. गेमचे पैसे वेगळे.

व्हाइस सिटीचं तसं नव्हतं. १२८ एमबी रॅमच्या डबड्या कॉम्प्युटरवरही तो चालायचा आणि कॉपी मारलेल्या सीडीवरून गावोगाव पोचायचा. पैसे देऊन घेतलेला गेम खेड्यात क्वचितच कुणी पाहिला असेल, तरी नाव सगळ्यांना पाठ.

कॉम्प्युटरवर येईल ही आशा आहे आणि तिला आधारही आहे. जीटीए ५ कन्सोलनंतर १९ महिन्यांनी, एप्रिल २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर आला होता. पण त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागेल आणि नेटही. जीटीए ५ आज १०० जीबीच्या आसपास जागा खातो. रोज २ जीबीच्या रिचार्जवर तेवढं उतरवायला ५० दिवस जातील.

मग मोबाइलवर दिसतोय तो कोणता?

तो बनावट. जीटीए ६ मोबाइलवर येणार अशी कुठलीही घोषणा झालेली नाही. ‘फ्री डाउनलोड’ म्हणून आलेली एपीके फाइल टाकली, तर गेम मिळणार नाहीच, पण त्याच फोनमधलं बँकेचं ॲप आणि ओटीपी चोरांच्या हाती लागू शकतात. घरात शाळकरी पोरगं असेल तर त्याला हे आत्ताच सांगून ठेवा. तसंही जीटीए हे प्रौढांसाठीचे गेम आहेत.

जुनी हौस भागवायचीच असेल तर व्हाइस सिटी २०१२ पासून अधिकृतपणे मोबाइलवर आलेला आहे. नव्यासाठी एवढी वर्षं थांबलोय, कॉम्प्युटरवर येईपर्यंत अजून थोडं थांबू.