सामना पाहावयास जाताना

करी रोडच्या चाळीत मोठ्या सामन्याची वार्ता येऊन पोचली, म्हणजे दोन प्रश्न पाठोपाठ उभे राहतात. सामना केव्हा आहे, हा मुलांचा प्रश्न. आणि खर्च किती येईल, हा घरातील वडीलधाऱ्या माणसांचा. पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो. दुसरा बहुधा मनातल्या मनातच राहतो, आणि त्याचे उत्तर जमले नाही की ‘पुढच्या वेळी पाहू’ असे सांगून विषय मिटविला जातो. या ‘पुढच्या वेळे’ची वाट पाहत कित्येक मुले मोठी झाली, मीही त्यांतलाच एक. म्हणूनच सामना पाहण्याचा खर्च नेमका कोठे होतो आणि तो आटोक्यात कसा ठेवता येतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे वाटते.

सर्वसाधारण समजूत अशी, की खर्च म्हणजे तिकीट. वस्तुतः तिकीट ही खर्चाची केवळ पहिली पायरी होय. आजकाल मोठ्या सामन्यांची तिकिटे बहुतांशी संकेतस्थळांवरून विकली जातात, आणि मूळ किमतीवर विक्रीसेवेचा आकार निराळा पडतो. चार माणसे निघाली की तो चौपट होतो. मैदानाच्या दाराशी पिशव्या तपासतात. घरचा डबा आणि पाण्याची बाटली बहुधा आत नेऊ देत नाहीत. आत गेल्यावर तहान लागते, भूक लागते, आणि बाहेर स्वस्त मिळणारा वडापाव आत चढ्या भावाने घ्यावा लागतो. त्यातच धाकट्याला हातात फडकवावयास झेंडा हवा असतो, थोरल्याला आवडत्या खेळाडूच्या नावाचा सदरा. सामना लांबला आणि शेवटची लोकल चुकली, तर टॅक्सीचे पैसे वेगळेच. हे सारे आकडे एका कागदावर मांडून पाहावेत. तिकिटापेक्षा तिकिटाबाहेरचाच खर्च कित्येकदा अधिक भरतो, हे तेव्हा ध्यानात येते. हा हिशेब घरून निघण्यापूर्वी करावयाचा असतो. मागाहून केलेला हिशेब फक्त हळहळण्याच्या कामी येतो.

मला ही गोष्ट कळली ती १९८३ च्या नोव्हेंबरात. गिरणी कामगारांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला होता, आणि आमच्या वडिलांची गिरणी त्यानंतर पूर्वीसारखी कधी चाललीच नाही. आईने चार-पाच जणांचे डबे करून देण्यास आरंभ केला होता. मी महाविद्यालयात शिकत असता दोन-तीन शिकवण्या करीत असे. वेस्ट इंडीजचा संघ कसोटी सामन्यासाठी मुंबईस यावयाचा होता, आणि धाकट्या भावाने महिनाभर एकच धोशा लावला होता. शिकवणीचे पैसे नुकतेच हाती आले होते. वानखेडे स्टेडियमबाहेर एका गृहस्थाने दोन तिकिटे पुढे केली आणि दाम दुप्पट सांगितले. मी घासाघीस न करता पैसे मोजले. दारावरच्या माणसाने तिकिटे उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. ती आदल्या दिवसाची होती. तो गृहस्थ केव्हाच गर्दीत दिसेनासा झाला होता.

आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू येत होता. भाऊ काहीच बोलला नाही. रागावला असता, तर मला बरे वाटले असते. आम्ही बोरीबंदराच्या दिशेने चालू लागलो. वाटेत आझाद मैदानावर शाळकरी मुलांचा सामना रंगात आला होता. भाऊ सीमारेषेपाशी थबकला, आणि मग संध्याकाळपर्यंत आम्ही तेथून हललो नाही. एकदा चेंडू थेट आमच्याकडे आला. भावाने तो अडवून परत फेकला, तेव्हा क्षेत्ररक्षकाने हात वर करून त्याचे आभार मानले. घरी जाईपर्यंत भाऊ त्याच एका चेंडूविषयी बोलत होता. आईला मात्र गेलेल्या पैशांविषयी सांगताना माझी जीभ जड झाली. तिने ऐकून घेतले, आणि पुढल्या आठवड्यापासून आणखी एक डबा अंगावर घेतला.

तिकिटांची ओढाताण या शहरास नवी नाही. १९३७ साली उघडलेले ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. तेथील सामन्यांच्या जागा कोणाला किती मिळाव्यात, यावरून तो क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात वाद होत. तो इतका विकोपाला गेला, की शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने जवळच आपले स्वतंत्र स्टेडियम उभारले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. एवढ्या मोठ्या बांधकामाच्या मुळाशी तिकिटांचे भांडण असावे, याची मला आजही गंमत वाटते. परंतु स्टेडियमे दोन झाली म्हणून जागा पुरल्या असे झाले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर आपली अखेरची कसोटी वानखेडेवर खेळला, तेव्हा तिकिटांसाठी एकाच वेळी इतकी झुंबड उडाली, की विक्रीचे संकेतस्थळच कोलमडले.

वानखेडेवरील त्या पहिल्या कसोटीत एकनाथ सोलकर यांनी १०२ धावा केल्या. त्यांचे कसोटीतील हे एकमेव शतक. सोलकरांचे वडील मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत, आणि सारे कुटुंब मैदानालगतच्या एका लहानशा खोलीत राही. बाल एकनाथ सामन्याच्या वेळी धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम करी. ज्याला प्रत्येक धाव मोजावी लागते, त्याची नजर चेंडूवरून क्षणभरही ढळत नाही. पुढे फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहून झेल घेणारे क्षेत्ररक्षक म्हणून सोलकरांची कीर्ती झाली. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल टिपले. ते क्रिकेट पाहावयास शिकले, ते तिकीट न काढता.

आपल्यालाही असे पाहणे अशक्य नाही. २०१३ च्या त्याच नोव्हेंबरात, तेंडुलकरांच्या निरोपानंतर आठवडाही लोटला नसता, पृथ्वी शॉ नावाच्या शाळकरी मुलाने हॅरिस शील्ड स्पर्धेत एका डावात ५४६ धावा केल्या. मैदान होते आझाद मैदान. याच स्पर्धेत आणि याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेकडून खेळताना ६६४ धावांची अभेद्य भागी रचली होती. या दोन्ही खेळांना तिकीट नव्हते. ज्यांना वेळ होता, ते कडेला उभे राहिले आणि धन्य झाले. पावसाळी क्रिकेटसाठी १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगचे सामनेही असेच उघड्यावर होतात. वाढलेल्या गवतात चेंडू रुतून बसतो आणि नामांकित फलंदाजाचीही तारांबळ उडते; ते पाहण्यात निराळीच मौज असते. फक्त छत्री न्यावी, आणि गोलंदाजाच्या हातामागे उभे राहून फलंदाजाला त्रास देऊ नये. दादरला उतरून पायी शिवाजी पार्क गाठले, तर तेथेही रविवारी चार दिशांना चार सामने चालू असतात. कोणता पाहावा, हाच प्रश्न पडतो.

खुद्द वानखेडेवर रणजी करंडकाच्या सामन्यांना बहुधा प्रवेशमूल्य नसते. मार्च २०२४ मध्ये मुंबईने विदर्भाला हरवून हा करंडक ४२ व्यांदा जिंकला, तो तेथेच. करी रोडहून तिकडे जाणारे पुष्कळजण टर्मिनसला उतरून टॅक्सी करतात. त्याऐवजी चालत लोअर परळ गाठावे आणि पश्चिम रेल्वेच्या धिम्या लोकलने चर्चगेटला उतरावे. स्टेडियम रुळांना लागूनच आहे. परतीचे तिकीट सकाळीच काढून ठेवावे. सामना सुटल्यावर खिडकीपुढची रांग पाहवत नाही.

आणि आयुष्यात एकदा तरी मोठाच सामना पाहावयाचा, असे मनाने घेतले तर? अवश्य पाहावा. मी काटकसरीचा पक्षपाती असलो, तरी हौस मारावी असे म्हणणारा नाही. मात्र अशा वेळी झटपट सामन्यापेक्षा कसोटीचा एखादा दिवस निवडावा. त्याचे तिकीट सहसा स्वस्त असते, आणि त्या पैशांत खेळ दिवसभर पाहावयास मिळतो. तिकीट अधिकृत विक्रीतूनच घ्यावे; त्यावरील तारीख, स्टँड आणि दरवाजा आपल्या डोळ्यांनी वाचावा. घरून पोटभर जेवून निघावे. घरातील सर्वांनी महिना-दोन महिने थोडे थोडे बाजूस टाकले, तर कोणा एकावर भार पडत नाही.

क्रिकेटाविषयी इतके लिहिल्यावर कबड्डीस विसरणे करी रोडच्या माणसास शोभणार नाही. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात दिव्यांच्या झगमगाटात, तिकीट लावून लोकांनी हा खेळ पाहिला. त्याच्या कितीतरी आधीपासून गिरणगावातील गल्ल्यांत आणि मैदानांत मातीवर हे सामने होत आले आहेत. ना. म. जोशी मार्गावरील श्रमिक जिमखाना तर आपल्या पायवाटेवरच. तेथे रात्रीच्या दिव्यांत स्पर्धा भरते, तेव्हा चढाई करणाऱ्याचा दम आणि पकड घेणाऱ्यांच्या पायांची धडपड कडेला बसलेल्याला स्पष्ट ऐकू येते. अशा वेळी पहिल्या रांगेत जागा हवी असेल, तर संध्याकाळचे जेवण लवकर उरकून निघावे लागते.