एकाच्या खालचं क्रिएटिनिन

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यावर या वेळी लिहायचं कबूल केलं होतं, पण तो आठवडाभर थांबू दे. मागच्या भागातल्या किडनी देणाऱ्या बायका आणि आया वाचून एका वाचकाने विचारलं आहे: आपल्याकडे बहुतेकदा घरातलंच माणूस अवयव देतं, म्हणून घरातली उतरंड आड येते, अमेरिकेत मृत दात्याचं यकृत आधी कुणाला, हे गुणांक ठरवतो, तिथे तरी बाई मागे पडत नसेल ना? पडत होती. आणि कुणाच्याही मनात तसं काही नसताना पडत होती, म्हणून आजचा भाग तिच्यासाठी.

फेब्रुवारी २००२ पर्यंत तिथे यकृताच्या रांगेत कोण किती दिवस थांबलंय आणि डॉक्टरांना पोटात पाणी किती वाटतंय, यालाही वजन होतं. मग ‘मेल्ड’ गुणांक आला. बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा आयएनआर आणि मूत्रपिंडांची हालहवाल सांगणारं क्रिएटिनिन, अशा तीन तपासण्या. गुण ६ ते ४०. जो जास्त आजारी तो पुढे. वशिल्याला जागाच उरली नाही. मेख होती क्रिएटिनिनमध्ये. ते तयार होतं स्नायूंमधून. बाईचे स्नायू सरासरीने कमी, त्यामुळे मूत्रपिंडं पुरुषाइतकीच बिघडली तरी तिच्या रिपोर्टवरचा आकडा लहान दिसतो. त्यात सूत्राची आणखी एक खोड: क्रिएटिनिन एकाहून कमी आलं तर ते एकच धरायचं, कारण नाहीतर गणितात उणे गुण येतात. आता पुरुषाचं क्रिएटिनिन १ वरून २ वर गेलं, म्हणजे ढोबळमानाने मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलं, की त्याला साडेसहाहून जास्त गुण मिळतात. बाईचं ०.५ वरून १ वर गेलं, तर तिचंही काम निम्म्यावरच आलेलं असतं. तिला गुण मिळतात शून्य. मेल्ड आल्यानंतर रांगेतच दगावण्याची किंवा शस्त्रक्रिया झेपणार नाही इतकं खालावण्याची शक्यता बायकांमध्ये जास्त असल्याचं २००८ मध्येच अभ्यासातून छापून आलं होतं.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की सगळं खापर क्रिएटिनिनवर का? बायका चणीने लहान असतात, मोठ्या पुरुषाचं यकृत त्यांच्या पोटात मावत नाही. खरं आहे, आणि बुटक्या पुरुषालाही तीच अडचण येते. तिच्यावर उपाय वेगळा: मोठं यकृत विभागून दोघांना द्यावं, लहान यकृत लहान चणीच्या रुग्णासाठी राखावं. पण एका कारणाने दुसरं पुसलं जात नाही. दुसरा आक्षेप जास्त जोराचा आहे. जुलै २०२३ मध्ये ‘मेल्ड ३.०’ लागू झालं, त्यात स्त्री रुग्णाला १.३३ गुण जादा मिळतात. ही सवलत नाही का? तराजू मुळातच एका बाजूला झुकत असेल तर वाणी दुसऱ्या पारड्यात पासंग टाकतो. त्याला गिऱ्हाइकावरची मेहेरबानी कुणी म्हणत नाही. उलट माझी तक्रार आहे की हा पासंग तोकडा आहे आणि तो टाकायला एकवीस वर्षं लागली. वरच्या उदाहरणातला साडेसहा गुणांचा फरक १.३३ ने कसा भरून निघणार? नव्या सूत्रातही एकाच्या खालचं क्रिएटिनिन एकच धरलं जातं.

कायद्याचं पुढच्या आठवड्यात, नक्की.