वाढीच्या आलेखातून दिसणारा आजार

अन्न, वजन आणि शरीराचा आकार यांविषयीची चिंता मनाचा ताबा घेते आणि खाण्याचे वळणच बिघडते, अशा मानसिक आजारांना आहारविकार म्हणतात. त्यांपैकी अ‍ॅनोरेक्सियात व्यक्ती उपासमारीपर्यंत खाणे तोडते, तर बुलिमियात अतोनात खाऊन ते उलटीने किंवा रेचकांनी बाहेर काढते. जपानमध्ये शाळेतच दरवर्षी उंची-वजन मोजले जात असल्याने योकोहामासारख्या महानगरात या आजाराची पहिली खूण दवाखान्याआधी आरोग्यशिक्षिकेच्या नोंदीत उमटू शकते, कारण वाढीच्या वयात वजन घटले नाही, नुसते थांबले, तरी तो धोक्याचा इशारा असतो. योकोहामाच्या प्राथमिक शाळांत मुले शाळेचे जेवण एकत्र जेवतात. पण महापालिकेच्या माध्यमिक शाळांत ही सोय दीर्घकाळ नव्हती आणि 2021 मध्ये ती आली तीही ऐच्छिक, त्यामुळे आजार सुरू होण्याच्या नेमक्या वयात मूल किती खाते याकडे शाळेचे लक्ष कमी राहत होते.

जपानमध्ये रुग्ण दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणत्याही दवाखान्यात जाऊ शकतो, म्हणून पाळी थांबल्याची तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, पोटफुगीची दुसऱ्याकडे आणि झिजलेल्या दातांची दंतवैद्याकडे जाते व मूळ आजार कोणालाच अखंड दिसत नाही. लंडनमध्ये तयार झालेली, 1999 साली प्रसिद्ध झालेली पाच प्रश्नांची चाचणी येथे उपयोगी पडते: मुद्दाम उलटी करणे, खाण्यावरचा ताबा सुटणे, तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन घटणे, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला लठ्ठ मानणे आणि अन्नाने आयुष्य व्यापणे, यांपैकी दोन प्रश्नांना होकार आल्यास संशय धरावा. रक्ताचा अहवाल निर्दोष आला म्हणून निश्चिंत होणे मात्र घातक ठरते, कारण उपाशी शरीर दीर्घकाळ रक्तातील घटक सावरून धरते. मंदावलेली नाडी, उभे राहताच घसरणारा रक्तदाब आणि उलट्यांमुळे कमी झालेले पोटॅशियम हृदयावरचा धोका अधिक खरेपणाने सांगतात.

उपचारात घाईही तितकीच वाईट. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या जपानी युद्धकैद्यांना भरपूर अन्न मिळताच काहींची प्रकृती ढासळली, हे अमेरिकी डॉक्टरांनी 1951 मध्ये नोंदवले. पुन्हा अन्न मिळू लागताच पेशी फॉस्फेट ओढून घेतात, रक्तातील त्याची पातळी कोसळते आणि हृदय व श्वसन अडचणीत येतात, म्हणून अतिकृश रुग्णाचा आहार रुग्णालयात, रक्त तपासत, पायरीपायरीने वाढवावा लागतो.

महाराष्ट्रात उपवास आणि डाएट यांच्या आड हा आजार सहज दडतो. येथील फॅमिली डॉक्टरांनी किशोरवयीन रुग्णाचे वजन प्रत्येक भेटीत नोंदवावे, नाडी मोजावी आणि खाण्याविषयी दोष न देता, एकांतात विचारावे.