औषध लागू पडते, तरी जखम का भरत नाही?

लग्नाच्या वरातीत नवरदेवाला मिरवणाऱ्या एका घोडीच्या मागच्या पायाला कुंपणाच्या तारेने जखम झाली. पशुवैद्यांनी जखम धुतली, प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली. आठवड्याभरात जखम सुकल्यासारखी वाटली. औषध थांबवताच तिने पुन्हा पू धरला. असे दोनदा झाल्यावर जखमेतला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन आमच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आला.

आम्ही त्यातले जीवाणू वेगळे केले, पोषक माध्यमाच्या बशीत पसरले आणि त्यांवर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बशीभर जीवाणूंची साय धरली होती; मात्र घोडीला दिलेल्या औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ होते. म्हणजे तिथे जीवाणू वाढू शकले नव्हते. 'औषध लागू पडते' असा अहवाल आम्ही दिला. तो घ्यायला आलेल्या मालकाने विचारले, "साहेब, औषध लागू पडतंय तर घोडी अजून लंगडते कशी?" ऐन लग्नसराईत घोडी दारात उभी होती आणि घर तिच्यावर चालत होते. प्रश्न अगदी रास्त होता.

एकटा जीवाणू आणि जीवाणूंची वस्ती

पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत जीवाणू सुटे सुटे तरंगताना दिसतात. निसर्गात मात्र ते बहुधा कशाला तरी चिकटून, समूहाने राहतात. मोरीच्या कडेचा बुळबुळीत थर, पाण्याच्या टाकीच्या आतला गिळगिळीतपणा, न घासलेल्या दातांवरचा पांढुरका लेप या सगळ्या त्यांच्या वस्त्याच होत. दातांवरच्या लेपातले जीव लेव्हेनहूकने 1683 साली सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. पण जीवाणूंच्या या चिकटून राहण्याचे महत्त्व ध्यानात यायला बराच काळ लागला. बिल कॉस्टरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली त्याकडे लक्ष वेधले. अशा वस्तीला आज बायोफिल्म म्हणतात.

ती तयार कशी होते? प्रथम काही जीवाणू पृष्ठभागाला चिकटतात. त्यांची संख्या वाढू लागते. ते जी रासायनिक द्रव्ये बाहेर सोडतात, त्यांच्या प्रमाणावरून आसपास आपले भाईबंद किती आहेत याचा त्यांना जणू अंदाज येतो. गर्दी पुरेशी झाली की अनेक जातींचे जीवाणू बहुशर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट गारा आपल्याभोवती रचतात. पुढे त्यातून काही जीवाणू सुटतात आणि दुसरीकडे नवी वस्ती करतात.

घोड्याचा पाय अशा वस्तीला सोयीचा असतो. गुडघ्याखाली मांसल भाग जवळजवळ नाहीच. कातडीखाली लगेच कंडरा आणि हाड. तिथली कातडी ओढून जखमेवर आणायला वाव नसतो, त्यामुळे जखम दीर्घकाळ उघडी राहते. शिवाय पाय सतत शेण, मूत्र आणि माती यांच्या सान्निध्यात. जखमेतली मृत ऊती म्हणजे जीवाणूंना आयते घर.

थराच्या आत औषध दुबळे का ठरते?

याची मुख्यतः तीन कारणे आहेत. पहिले, जेंटामायसिनसारखी काही औषधे गाऱ्यातल्या द्रव्यांनाच चिकटून अडकतात. दुसरे, थराच्या तळाशी अन्न आणि ऑक्सिजन तुटपुंजे असल्याने तिथले जीवाणू सुस्तावलेले असतात. पेनिसिलिन हे जीवाणूची भिंत बांधली जात असताना त्या बांधकामात बिघाड करते. ज्याचे बांधकामच बंद आहे, त्याचे ते काय बिघडवणार? तिसरे, काही मोजके जीवाणू तर जवळजवळ निद्रिस्तच असतात. पेनिसिलिनच्या माऱ्यातून असे थोडे जीवाणू शिल्लक राहतात, हे जोसेफ बिगर यांनी 1944 सालीच दाखवले होते. औषध थांबले की ते जागे होतात आणि वस्ती पुन्हा भरते.

या शिल्लक राहिलेल्या जीवाणूंच्या जनुकांत काहीही बदल झालेला नसतो. त्यांना थरातून काढून बशीत मोकळे वाढवले की ते पूर्वीसारखेच औषधाला बळी पडतात. आमच्या बशीतले स्वच्छ वर्तुळ खोटे नव्हते. ते मोकळ्या जीवाणूंबद्दल खरे सांगत होते. जखमेतल्या वस्तीबद्दल नाही.

खरा प्रतिरोध

प्रतिरोध ही याहून निराळी गोष्ट. तो जनुकांत असतो आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या घोडेपैदाशीच्या फार्मांवर मिळते. मातीत आणि लिदीत राहणारा ऱ्होडोकॉकस इक्वाय हा जीवाणू लहान शिंगरांच्या फुप्फुसांत गळवे निर्माण करतो. त्यावर एरिथ्रोमायसिनच्या गटातले एक औषध आणि रिफॅम्पिसिन अशी जोडी 1980 च्या दशकापासून वापरात आली. पुढे 2001 च्या सुमारास तिथे वरवर निरोगी दिसणाऱ्या शिंगरांची सोनोग्राफी करून, लहान गळू दिसले तरी औषध सुरू करण्याची पद्धत पडली. हेतू चांगलाच होता. पण लहान गळवे असलेली बरीच शिंगरे औषधाविनाही बरी होतात, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसले.

दरम्यान औषधांनी आपले निवडीचे काम केले होते. दोन्ही औषधांना न जुमानणारे ऱ्होडोकॉकस तिथल्या आजारी शिंगरांत आणि फार्मच्या मातीतही सापडू लागले. पहिल्या औषधाविरुद्धचे जनुक त्यांना दुसऱ्या जीवाणूकडून मिळाले होते. रिफॅम्पिसिनविरुद्धचा बचाव मात्र त्यांच्या स्वतःच्या एका जनुकातल्या उत्परिवर्तनातून आला होता. माणसाच्या क्षयाचे जंतू रिफॅम्पिसिनला दाद देईनासे होतात, तेही बहुतेक वेळा याच जनुकातल्या बदलामुळे.

प्रतिरोध आणि बायोफिल्म वेगळे असले तरी एकमेकांना मदत करतात. दाटीवाटीच्या वस्तीत जनुकांची देवघेव सोपी होते. जखम भरत नाही म्हणून औषध पुन्हा पुन्हा दिले जाते, आणि प्रत्येक वेळी प्रतिरोधी जीवाणूंची निवड होण्याची संधी वाढते. त्यात घोड्यासाठी औषधांची निवड मुळातच मर्यादित आहे. त्याच्या मोठ्या आतड्यातले जीवाणू गवत पचवतात. काही प्रतिजैविकांनी त्यांचा तोल बिघडून जीवघेणा अतिसार होतो. शिवाय मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस घोड्याकडून माणसाकडे आणि माणसाकडून घोड्याकडे जाऊ शकतो. तबेल्यातला प्रश्न तबेल्यातच राहत नाही.

घोडीचे काय झाले?

पशुवैद्यांनी जखमेतली मृत ऊती कापून काढली आणि जखम घासून, भरपूर धुऊन घेतली. वस्ती अशी मोडल्यावर तेच जुने औषध दिले. या खेपेस जखम हळूहळू भरली. लग्नसराई मात्र हातची गेली होती.

वर्गात हे दाखवता येईल. काचेच्या तीन स्वच्छ पट्ट्या दोऱ्याने बांधून डबक्याच्या पाण्याने भरलेल्या बरणीत टांगा. एक पट्टी दुसऱ्या दिवशी काढा, उरलेल्या दोन आठ दिवसांनी. पहिल्या दोन पट्ट्या साध्या पाण्यात हलकेच बुडवून धुवा. तिसरी जुन्या दातांच्या ब्रशने घासून धुवा. वाळल्यावर प्रत्येकीवर मिथिलीन ब्ल्यूच्या विरल द्रावणाचे दोन थेंब टाका, दोन मिनिटांनी पाण्याने धुवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. मुलांना फक्त एवढेच विचारा: नुसत्या धुण्याने काय राहिले, आणि घासण्याने काय गेले? चूळ भरली तरी दात का घासावे लागतात, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.