गांवोगांवची योगशाळा

वेरूळचीं लेणीं पाहून परतणारा प्रवासी बहुधा खुलताबादेस थांबतो, भद्रा मारुतीचें दर्शन घेतो आणि दौलताबादच्या वाटेला लागतो. इतरत्र मारुति बहुतेक उभा असतो. येथें तो निद्रिस्त आहे, आणि श्रावणांतील शनिवारीं त्याच्या दर्शनास दूरदूरच्या गांवांहून लोक पायीं येतात. या क्षेत्राच्या परिसरांतच शूलिभंजनाचा डोंगर आहे. देवगिरीच्या जनार्दनस्वामींच्या आज्ञेवरून एकनाथमहाराजांनीं तेथें अनुष्ठान केलें, असें परंपरा सांगते. वेरूळच्या तीनताल लेण्यांत वरच्या मजल्यावर ध्यानस्थ बुद्धांची ओळ आहे; जैन लेण्यांत ध्यानमग्न तीर्थंकर आहेत. सूफी साधक बुऱ्हाणुद्दीन गरीब हे १३३७ त निवर्तले. त्यांची कबर खुलताबादेसच आहे. पंथ निराळे, देव निराळे, भाषा निराळ्या. परंतु चित्त एकाग्र करण्याची विद्या या टापूंत शतकानुशतकें अभ्यासिली गेली, यांत शंका नाहीं.

या सर्व परंपरांत एक गोष्ट समान दिसते. साधक एकांतांत बसला, तरी विद्या त्याला एकट्याला मिळाली नाहीं. बौद्ध भिक्षूंना संघ होता, सूफींना खानकाह होती, नाथांना गुरुगृह होतें. योग म्हणजे संसार सोडलेल्या एकट्या पुरुषाचा मार्ग, ही समजूत आमच्या घरांतून अजून पुरती गेलेली नाहीं. आणि तिच्या जोडीला आतां दुसरी आली आहे कीं, योग म्हणजे दूरध्वनीच्या पडद्यावर पाहून खोलीच्या कोपऱ्यांत करावयाचा व्यायाम. दोन्ही समजुतींत शेजारी नाहीं, सोबती नाहीं आणि चूक सुधारणारा गुरुही नाहीं. म्हणून योगशाळा ही गांवाची विद्याशाळा कशी होऊं शकते, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

ही विद्या गृहस्थाच्या दारीं आणण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं एका गुरूच्या दोन शिष्यांस आहे. नर्मदातीरीं मालसर येथें परमहंस माधवदास नांवाचे योगी राहत. त्यांचे एक शिष्य श्रीयोगेंद्र यांनीं १९१८ सालीं मुंबईजवळ वर्सोवा येथें योगसंस्था काढली. पुढें १९४८ त ती सांताक्रूझ येथें स्थिर झाली. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. बडोद्यास प्रो. माणिकरावांच्या आखाड्यांत त्यांनीं व्यायामविद्या संपादन केली होती आणि अमळनेर येथें अध्यापनही केलें होतें. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें व ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक सुरू केलें. उड्डियान व नौलि करीत असतां पोटांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं तपासलें. आंतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो, हें मोजून दाखविलें आणि त्या स्थितीस आपल्या गुरूंचें नांव दिलें. श्रद्धा ठेवा, पण तपासून घ्या, हा या दोघांचा धडा सुशिक्षित घरांस विशेष मानवण्याजोगा आहे.

तथापि तालुक्याच्या गांवीं प्रयोगशाळा कोठून येणार? तेथें उपयोगी पडेल असा कित्ता नागपुरानें घालून दिला आहे. कोंकणांत जन्मलेले आणि वेदाध्ययन केलेले एक जनार्दनस्वामी तेथें आले आणि १९५१ सालीं त्यांनीं योगाभ्यासी मंडळ स्थापिलें. देवगिरीच्या जनार्दनस्वामींशीं त्यांचें नामसाधर्म्य आहे. काळाचें अंतर मात्र चार शतकांचें! योग शिकविण्याचें मूल्य घ्यावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा होता. त्यांच्या पुस्तकाचें नांवच ‘सुलभ सांघिक आसनें’ असें आहे. या नांवांतील दोन्ही विशेषणें विचार करण्यासारखीं आहेत. ‘सुलभ’ म्हणजे साठीच्या आजोबांनाही जमेल तेवढें. ‘सांघिक’ म्हणजे एकाच्या आज्ञेवर सर्वांनीं मिळून करावयाचें.

सांघिक अभ्यासाचा लाभ केवळ उत्साहापुरता नसतो. एकटा मनुष्य चार दिवस आसनें करतो आणि पांचव्या दिवशीं पांघरूण ओढून घेतो. परंतु आपली सतरंजी रिकामी दिसली तर शेजारी विचारील, एवढ्या धाकानें तो सहाव्या दिवशीं वेळेवर येतो. शाळामास्तर, किराणा दुकानदार, निवृत्त कारकून आणि महाविद्यालयांतील मुलगा एका ओळींत शवासनांत पडले, म्हणजे कोणाचें पद कोणतें हें ओळखूं येत नाहीं. शिवाय वर्षभर नियमानें शिकलेला मनुष्य नवागताचा गुडघा कोठें वांकला तें दाखवूं लागतो. शिष्याचा असा हळूहळू शिक्षक होणें, हीच आमच्या मतें योगशाळेची खरी कमाई.

आतां गृहिणींविषयीं. श्रीयोगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनीं १९३४ सालींच स्त्रियांच्या योगव्यायामावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. बी. के. एस. अय्यंगार हे १९३७ सालीं योग शिकविण्यासाठीं पुण्यास आले आणि तेथेंच राहिले. पत्नी रमामणि यांच्या स्मरणार्थ त्यांची संस्था १९७५ त उभी राहिली, आणि त्यांच्या कन्या गीताबाई यांनीं स्त्रियांच्या योगाभ्यासास आयुष्य वाहिलें. म्हणजे विद्या आहे, ग्रंथ आहेत, शिक्षिकाही आहेत. नाहीं तो वेळ! एकत्र कुटुंबांत सकाळीं सहा ते सात हा तास सुनेच्या वांट्यास येत नाहीं. तो चहाचा, डब्यांचा आणि सोंवळ्याओंवळ्याचा असतो. ‘घरांतलीं कामें म्हणजे व्यायामच कीं,’ असें वडील मंडळी म्हणतात. परंतु ओट्याशीं तासन् तास उभें राहून कंबर आंखडते, ती मोकळी होत नाहीं. कामांत श्रम आहेत, विसावा नाहीं. सासूबाई व सून एकाच वर्गास निघाल्या आणि त्या तासापुरता चहा घरांतील पुरुषांनीं केला, तर योगशाळेचा पहिला लाभ ती शाळा न पाहतांच घराला मिळेल. दुपारीं तीन ते चार असा स्त्रियांचा निराळा वर्गही चालूं शकतो. मात्र जेवणानंतर निदान तीन तास गेलेले असावेत.

योगशाळेंत केवळ हातपाय वांकविण्यास शिकवितात असें समजूं नये. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरें आहे. त्याच्या आधीं यम आणि नियम येतात. ज्ञानदेवांनीं १२९० च्या सुमारास भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहितांना कुंडलिनीचा विषय मराठींत सांगितला. संस्कृतांत राहिलेली विद्या त्यांनीं गांवच्या भाषेंत आणली. आठवड्यांतून एक दिवस आसनांनंतर अर्धा तास योगसूत्रांचें किंवा ज्ञानेश्वरीच्या त्या अध्यायाचें वाचन ठेवलें, तर वृद्धांस श्रोते मिळतील आणि तरुणांस अर्थ मिळेल. एखाद्या डॉक्टरांनीं महिन्यांतून एकदां पाठीचा कणा, श्वसन किंवा निद्रा यांवर बोलावें. अशा रीतीनें एकाच सतरंजीवर व्यायाम, शास्त्र आणि साहित्य यांचें शिक्षण होतें.

येथें दोन इशारे देणें आम्ही कर्तव्य समजतों. योगानें अमुक रोग हटकून बरा होतो, औषध सोडून द्या, असें सांगणाऱ्या शिक्षकापासून दूर राहावें. नियमित अभ्यासानें पाठदुखी, चिंता व निद्रानाश यांत पुष्कळांस उतार पडतो, हें खरें. पण मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी वैद्यांस विचारल्यावांचून थांबवूं नये. दुसरें असें कीं, पुस्तक वाचून कुंभक करूं नये. ज्यांस रक्तदाब, हृद्रोग वा कांचबिंदु आहे, त्यांनीं शीर्षासनाच्या वाटेस जाऊं नये. गर्भवतींनीं तर वैद्य व जाणती शिक्षिका या दोघांच्या अनुमतीनेंच अभ्यास करावा.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०१४ च्या डिसेंबरांत ठराव केल्यापासून २१ जून हा जागतिक योगदिन झाला आहे. त्या दिवशीं मैदानें भरतात, तें चांगलेंच. परंतु २२ जूनला तेथें कोण येतें, यावर गांवाचें आरोग्य ठरतें. देवळाचा सभामंडप किंवा शाळेचें दालन, दहाबारा सतरंज्या आणि ठरलेली वेळ एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. खर्च करावयाचाच तर तो शिक्षकावर करावा. गांवांतील एक तरुण व एक तरुणी निवडून, वर्गणीनें त्यांना लोणावळा किंवा नागपुरासारख्या ठिकाणीं रीतसर शिकून येण्यास पाठवावें. तीं दोघें परत आलीं, म्हणजे शाळा आलीच.

देवगिरीच्या छायेंत शिकलेली विद्या नाथांनीं आपल्यापाशीं कोंडून ठेविली नाहीं. ते पैठणास परतले, संसारांत राहिले आणि लोकांच्या भाषेंत लोकांस शिकवीत राहिले. आमच्या वाचकांच्या प्रत्येक घरांत कोणी ना कोणी थोडेंबहुत योगासन जाणतो. त्यानें तें उद्यांपासून दार लोटून करूं नये. शेजारच्या दोघांस बोलवावें. योगशाळेस तिघे पुरेसे आहेत.