ओर्लोय: प्रागच्या चौकातले आकाश

प्रागच्या जुन्या नगरचौकात तास भरत आला की नगरगृहाच्या दक्षिण भिंतीखाली माणसांची दाटी होते. टोले पडायच्या कितीतरी आधीच मोबाइल उंचावलेले असतात. मग भिंतीवरचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात, ख्रिस्ताचे बारा प्रेषित एकामागून एक डोकावून जातात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो आणि टोले पडतात. खेळ मिनिटाभरात आटोपतो. इतक्या लांबून येऊन एवढेच पाहायचे होते का, असा प्रश्न पांगणाऱ्या गर्दीतल्या अनेक चेहऱ्यांवर वाचता येतो.

निराशा समजण्यासारखी आहे. पण प्रेषितांची मिरवणूक या यंत्राला जोडली गेली ती यंत्र उभे राहिल्यानंतर काही शतकांनी, आणि कोंबडा तर एकोणिसाव्या शतकातला. खरे ओर्लोय (चेक लोक या घड्याळाला हेच म्हणतात) खिडक्यांच्या खाली आहे, आणि ते तासाची वाट न पाहता अहोरात्र आपले काम करत असते. गर्दी ओसरल्यावर, सव्वाच्या किंवा साडेच्या ठोक्याला तिथे उभे राहावे आणि वरची मोठी तबकडी सावकाश वाचावी.

ही तबकडी १४१० सालची. कादान गावचा घड्याळजी मिकुलाश याने यंत्र घडवले, आणि त्यामागचे गणित बहुधा यान शिंडेल या ज्योतिर्विदाचे. आजही चालू असलेले जगातले सर्वांत जुने खगोलीय घड्याळ म्हणून ते ओळखले जाते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे पृथ्वी मध्यभागी आहे आणि सूर्य, चंद्र, राशिचक्र तिच्याभोवती फिरतात. मागची रंगीत पार्श्वभूमी म्हणजे प्रागचे आकाश: निळा भाग दिवसाचा, तांबूस पट्टे पहाटेचे आणि संधिप्रकाशाचे, खालचे काळे वर्तुळ रात्रीचे. सोनेरी सूर्य ज्या रंगावर असेल ती बाहेरच्या आकाशाची अवस्था.

वेळही इथे एका पद्धतीची नाही. रोमन आकड्यांचे वर्तुळ आपल्या परिचयाची वेळ दाखवते. त्याच्या बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी गॉथिक आकडे आहेत. ते जुन्या बोहेमियातले तास. तिथे दिवसाची मोजणी सूर्यास्तापासून होई, म्हणून हे कडे वर्षभर थोडे थोडे सरकत राहते आणि मावळतीची वेळ गाठते. तिसरी पद्धत सोनेरी वक्र रेषांची. सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीचे बारा समान भाग, त्यामुळे उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड. सूर्योदयापासून घटिका-पळे मोजणाऱ्या, दिनमान-रात्रिमान छापणाऱ्या पंचांगाची सवय असलेल्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही.

मात्र राशींपाशी मराठी माणूस थबकेल. १४ जानेवारीला संक्रांतीच्या दिवशी ओर्लोयचा सूर्य मकरेत शिरत नसतो. तो तिथे डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच पोहोचलेला असतो. इथले राशिचक्र सायन आहे, वसंतसंपातापासून मोजलेले, तर आपली बहुतेक पंचांगे निरयन. दोहोंतला सुमारे २४ अंशांचा फरक एरवी जाणकारांच्या चर्चेत राहतो, तो इथे भिंतीवर डोळ्यांनी दिसतो. राशिचक्राच्या कड्यावरचा एक छोटा सोनेरी तारा वसंतसंपात दाखवतो आणि नाक्षत्र वेळ सांगतो.

हे सारे चालते तीन मोठ्या चाकांवर. तिन्ही चाके सारख्याच आकाराची, पण दाते वेगवेगळे: राशिचक्राच्या चाकाला ३६५, सूर्याच्या चाकाला ३६६ आणि चंद्राच्या चाकाला ३७९. तिघांना फिरवतात एकाच आसावर बसवलेली २४ दात्यांची छोटी चाके. एका दात्याच्या फरकाने राशिचक्र रोज सूर्यापेक्षा सुमारे चार मिनिटे आधी फेरी पुरी करते आणि वर्षभरात एक फेरी जास्त मारते. खरे तारे आकाशात हेच करतात. चंद्र तेरा दात्यांनी मागे पडतो, म्हणजे दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो. ही मांडणी इतकी सोपी आहे की ती सुचणाऱ्याच्या बुद्धीला मनापासून दाद द्यावीशी वाटते. चंद्राच्या हिशेबात थोडी चूक उरतेच. ती साठत जाते आणि काटा अधूनमधून हाताने दुरुस्त करावा लागतो. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा. त्याच्या पोटात दडवलेले वजन गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर त्याला हळूहळू फिरवते, आणि अमावास्या ते पौर्णिमा सगळ्या कला दिसतात.

ओर्लोयच्या कर्त्याबद्दल प्रागमध्ये वेगळीच कथा चालत आली आहे. हानुश नावाच्या कारागिराने घड्याळ बनवले, दुसऱ्या शहराला त्याने असे घड्याळ देऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढवले, आणि त्या आंधळ्याने यंत्रात हात घालून ते बंद पाडले. आलोइस यिरासेक या लेखकाने १८९४ मध्ये जुन्या चेक आख्यायिकांच्या पुस्तकात ती सांगितली आणि ती घराघरांत गेली. मिकुलाशचे नाव पुढे आले ते ऑक्टोबर १४१० च्या एका दस्तऐवजामुळे. हानुशने १४९० च्या सुमारास घड्याळावर काम केले असावे. कर्तेपण त्याला चुकून मिळाले. कथा रंगतदार आहे, पण मिकुलाश आणि शिंडेल यांची नावे पर्यटकांच्या कानावर तितकीशी पडत नाहीत, हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

घड्याळ अनेकदा बंद पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते मोडीत काढण्याची वेळ आली होती. ते वाचवले जवळच्या क्लेमेंटिनुम वेधशाळेचे संचालक आंतोनीन स्त्रनाद यांनी. लान्डेस्पेर्गर या घड्याळजीच्या हातून त्यांनी त्याची दुरुस्ती करवून घेतली. १८६५-६६ मध्ये पुन्हा मोठे काम झाले. तेव्हा खालच्या दिनदर्शिकेच्या तबकडीसाठी योसेफ मानेस या चित्रकाराने बारा महिन्यांची बारा वर्तुळे रंगवली. मार्चमध्ये नांगरणी, जूनमध्ये गवताची कापणी, ऑगस्टमध्ये मळणी, ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची तोडणी. राजे आणि संत सोडून शहराच्या मधोमध खेड्यातल्या श्रमांना जागा देणारी ही चित्रे अख्ख्या भिंतीवरचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहेत. मूळ चित्रे शहराच्या संग्रहालयाकडे गेली आणि घड्याळावर नक्कल लागली.

तसे झाले ते बरेच झाले. मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता प्रागमध्ये उठाव झाला, तेव्हा जर्मन सैन्याच्या माऱ्यात नगरगृह पेटले. लाकडी पुतळे जळाले, दिनदर्शिकेची नक्कल जळाली, यंत्राचे मोठे नुकसान झाले. १९४८ मध्ये घड्याळ पुन्हा सुरू झाले. आजचे प्रेषित वोय्त्येख सुखार्दा या शिल्पकाराने युद्धानंतर कोरलेले. तबकडीच्या बाजूंना आरसा घेतलेला गर्विष्ठ, थैली धरलेला कंजूष, सांगाडा आणि तुर्क अशा चार आकृती आहेत. कंजूष युद्धापूर्वी यहुदी सावकाराच्या रूपात होता. ज्या शहरातला यहुदी समाज नाझींनी जवळजवळ संपवला, तिथे ते रूप बदलणे आवश्यकच होते. तुर्क मात्र अजून तुर्कच आहे.

शेवटची मोठी दुरुस्ती जानेवारी ते सप्टेंबर २०१८ मध्ये झाली. १९४८ पासूनची विद्युत यंत्रणा काढून १८६० च्या दशकातली यांत्रिक यंत्रणा परत बसवली गेली. हा निर्णय शहाणपणाचा होता. दिनदर्शिकेच्या नव्या नकलेबाबत मात्र २०२२ मध्ये तक्रारी झाल्या: मानेसच्या चित्रांतले चेहरे आणि वेश बदलले गेले होते, आणि ते लक्षात यायला चार वर्षे लागली. रोज हजारो कॅमेरे ज्या भिंतीवर रोखलेले असतात, तिथली चित्रे कोणी नीट पाहत नव्हते हे मनाला लागते.

ओर्लोय पाहून झाल्यावर चौकातच थोडे फिरावे. समोरच्या ‘तीन’ (Týn) नावाच्या चर्चमध्ये खगोलज्ञ टायको ब्राहे पुरला आहे. तो १६०१ मध्ये प्रागला वारला. त्याचा सहकारी योहानेस केपलर याने याच शहरात मंगळाच्या निरीक्षणांवर काम करून ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षांचे पुस्तक १६०९ मध्ये प्रसिद्ध केले. पृथ्वीला मध्यभागी ठेवणारे घड्याळ तेव्हा दोनशे वर्षांचे होते. चौकाच्या फरसबंदीत एक पट्टी आहे, प्रागचे याम्योत्तर दाखवणारी. चौकातल्या मरियमच्या स्तंभाची सावली तिच्यावर आली की शहरात मध्यान्ह झाली असे मानत.

तिथून कार्लोवा गल्लीने व्ल्टावा नदीकडे निघाले की वाटेत क्लेमेंटिनुम लागते आणि गल्लीच्या टोकाला चार्ल्स पूल. त्याची पायाभरणी १३५७ ची, म्हणजे ओर्लोयच्या अर्धशतक आधीची. बहुतेक प्रवासी सरळ पुलावर जातात. थोडे थांबून क्लेमेंटिनुमचा मनोरा चढावा. १८४२ पासून याच मनोऱ्यावरून निशाण हलवून शहराला मध्यान्हीची खूण दिली जाई. आणि ओर्लोय वाचवणाऱ्या स्त्रनादांच्या प्रयत्नांतून १७७५ मध्ये सुरू झालेली हवामानाची नियमित नोंद या वास्तूत आजही ठेवली जाते.